गिरिजाबाईच्या लग्नाचा दाखला

१

"वकीलसाहेब, दाखला न्हाय."

गिरिजाबाईने गाठोडं माझ्या ओसरीवर सोडलं आणि त्यातला एकेक कागद फरशीवर मांडला. परवान्यासाठीची दरख्वास्त, म्हणजे अर्ज, होती. ईटच्या पाटलाचा रहिवासाचा दाखला होता, त्यावर हा एवढा मोठा शिक्का. बार्शीच्या गिरणीतून तिच्या नवऱ्याने पाठवलेलं बोलावण्याचं पत्र होतं. लग्नाचा दाखला मात्र नव्हता.

"घरीच राहिला असेल," मी म्हणालो.

"न्हाय. म्या माझ्या हातानं घातला हुता. कचेरीनं आज गाठोडं वापस दिलं. म्हनाले, लग्नाचा पुरावा न्हाय, परवाना मिळायचा न्हाय."

एवढं बोलून ती खाली बसली आणि पदराने तोंड दाबून रडू लागली. मला रडणाऱ्या माणसांसमोर काय करावं ते कधीच कळत नाही. मी आत जाऊन बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

साल अठ्ठेचाळीसचं. तिकडे हिंदुस्थान स्वतंत्र झालेला, इकडे आमच्यावर अजून निजाम सरकार. कालपर्यंत ज्या बार्शीला आमची माणसं बैलगाडीने बाजाराला जात, ती एकदम परमुलूख झाली होती. बार्शीच्या रस्त्यावरचा नाका बंद झाला होता. उरला होता कुर्डुवाडीकडचा, आणि तिथून जायचं तर राहदारीचा परवाना लागे. बायकांना तो मिळायचा एकाच कारणासाठी, नवरा पलीकडे असेल तर.

गिरिजाबाईचा नवरा शांतलिंग पलीकडेच होता, आणि विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. गिरणीतल्या सोबत्यांनी कळवलं होतं की ताप उतरत नाही, तोंडात पाणी घालायलाही जवळ कुणी नाही, वहिनींना लवकर पाठवा.

"आता परत तुमच्या गुरूंकडून, अय्यांकडून, दाखला लिहून आणू," मी म्हणालो.

"अय्या श्रीशैलाला गेले. कवा येतील सांगता येत न्हाय," ती म्हणाली. "आन् कचेरीतले पेशकार म्हनले, ह्या महिन्यात बायकांचा येकच परवाना उरलाय. शनवारी साहेब सही करनार. ज्याचे कागद पुरे, त्याला."

त्या दिवशी बुधवार होता.

२

खरं सांगायचं तर परवान्याला कोणते कागद लागतात हे आमच्या तालुक्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पाटील सांगे, माझा शिक्का पुरे. शाळेचे मास्तर सांगत, बाईचा फोटो पाहिजे. कुणी म्हणे, नवऱ्याला समक्ष यावं लागतं. अरे, तो समक्ष येऊ शकला असता तर परवान्याची कटकट कशाला! गिरिजाबाई महिनाभर ह्या दारातून त्या दारात हिंडली होती. शेवटी मीच उर्दू फर्मान मिळवून वाचलं. फोटो नको, शिक्क्यावर भागत नाही. चार कागद हवेत, आणि त्यात सगळ्यांत मोलाचा तो लग्नाचा दाखला, तोही ज्याने लग्न लावलं त्याच्याच सहीचा.

गिरिजाबाईचं सासर लिंगायत. लग्न लावलं होतं ते त्यांचे जंगम गुरू शरणबसप्पा अय्या यांनी. निघण्यापूर्वी त्यांनी दाखला लिहून दिला होता. म्हणजे तो हरवला तर दुसरा मिळण्याची सोय नव्हती.

ते गाठोडं कचेरीत नेऊन दिलं होतं गिरिजाबाईच्या दिराने, महांतप्पाने. तो बहिणीकडे जवळच्याच वाशी गावी गेला होता, तो संध्याकाळी परतीच्या वाटेवर माझ्याकडे आला. विशीतला पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि डोळ्याला डोळा भिडवायला तयार नाही. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

"वाटेत गाठोडं कुठं सोडलंस?"

"न्हाय जी. परंड्याच्या फाट्यावर गाडी बदलली, पन गाठोडं बगलंतच हुतं."

"कचेरीत कुणाला दिलंस?"

"पेशकाराला. बलभीमराव त्येंचं नाव. त्येंनी माझ्यासमोर येकेक कागद उलगडला. अय्यांनी दाखल्याला भस्म लावलं हुतं, ते पेशकाराच्या बोटाला लागलं. त्येंनी इचारलं, 'ही राख कशाची रे?' म्या म्हनलं, भस्म हाय, आमच्या अय्यांचं."

"बरं, मग तू असा तोंड चुकवून का बसलास?"

त्याचा चेहरा पडला. मग एकदम बोलला, "वैनी गेली तर दादा परत येनार न्हाय. आन् मी येकला आईला घेऊन कसा ऱ्हाऊ? रातीला घोडी येत्यात गावात, वकीलसाहेब. बंदुका घिऊन. म्या देवाला म्हनलं हुतं, वैनीला परवाना मिळू नये." 

"देवाला म्हणालास, की हातानेही काही केलंस?"

"लिंगाची आन. हातानं न्हाय."

माझा वकिलीचा अनुभव असा की शपथ घेणारा माणूस खोटं बोलतो तेव्हा मोठ्याने बोलतो. महांतप्पा अगदी हळू बोलला होता. तरी त्याच्यावरचा संशय मी पुसून टाकला नाही. उद्या सकाळी ईटला जायचं आणि त्याच्या आईला गाठायचं, असं ठरवलं. कारण सून जाऊ नये म्हणून ती बाई सगळ्या गावासमोर आरडाओरडा करून चुकली होती.

३

लक्ष्मम्मा दारातच जात्यावर बसली होती. गळ्यात चांदीच्या चौक्यातलं, म्हणजे डबीतलं, लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.

"या, वकीलसाब. मला चोर ठरवाया आलाव न्हवं?"

मी गडबडलो. "तसं नाही, लक्ष्मम्मा. पण सुनेनं जावं असं तुम्हाला वाटत नव्हतं..."

"न्हवतंच वाटत! आजबी न्हाय वाटत. मालक गेले, थोरला तिकडं पडला, आता सूनबी गेली की घरात हाय कोन? त्या नाक्यावर कसली मानसं बसल्यात ठावं हाय का तुमाला? तरनी बाई हाय ती." जात्याचा खुंटा सोडून तिने हात झटकले. "पन वकीलसाब, मला जर तिला अडवायचंच असतं तर म्या ते समदं गाठुडं चुलीत घातलं असतं. येकच कागद कशाला चोरू?"

तिच्या ह्या बोलण्याने मी चपापलो. वाटभर मी तिच्याविरुद्ध जी बाजू रचत आलो होतो, ती जागच्या जागी ढासळली.

"बरं, एकच कागद काढायचा असता तर कोणता काढला असता?"

"पाटलाचा," ती पटकन म्हणाली. "त्यावर शिक्का हाय. अय्यांचा कागद तर मला नुसता आशीर्वाद वाटला हुता. त्येला सरकार इचारतंय, हे आज गिरिजेचा निरोप आला तवा कळलं."

मी तिच्या दारातल्या दगडावर बसलो. तिने ताक आणून दिलं आणि स्वतःच पुढे बोलत राहिली. नवरा पावसाळ्याआधीच वारला होता, ते दुःख अजून ताजं होतं.

"मालकांना माती दिऊन आलो, आंगुळ केली, लिंगपूजा केली आन् त्याच दिवशी आलेल्या मानसांना सैपाक करून वाढला. रडत वाढला, पन वाढला. आमच्यात घर बंद करून बसायची रीत न्हाय. शांतलिंग तवा येऊ शकला न्हाय. बापाचं तोंडबी बघितलं न्हाय त्यानं. आता त्येचं तोंड मला..."

ती पुन्हा जात्यावर बसली. ताक संपवून निघालो, तेव्हा ती पाठीमागून म्हणाली, "सुनेला म्हनावं, सासू शिव्या देती, पन चोरी करीत न्हाय."

परतताना गाडीत माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. चोराने सगळं गाठोडं पळवलं नव्हतं, शिक्क्याचा कागदही पळवला नव्हता. ज्या कागदाला लक्ष्मम्माने किंमत दिली नव्हती, नेमका तोच उचलला होता. म्हणजे परवान्याला कोणता कागद लागतो हे चोराला पक्कं माहीत होतं. आणि साऱ्या तालुक्यात ते माहीत असलेली माणसं किती? फर्मान वाचलेला मी, आणि मी सांगितलं म्हणून गिरिजाबाई. आणि कचेरी.

४

शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी. कचेरीला कुलूप. मी थेट पेशकार बलभीमरावांच्या घरी गेलो. पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा कारकून. साहेब सही करतो, पण कोणता कागद कधी पुढे जाईल हे पेशकाराच्या हातात. हा गृहस्थ जालन्याकडून बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. पन्नाशीचा, सडसडीत, बायको वारलेली, वागायला अतिशय नम्र. त्याच्याबद्दल आजवर एकही वाईट शब्द माझ्या कानावर आला नव्हता, आणि म्हणूनच मला अवघडल्यासारखं होत होतं.

"कागद आलाच नाही, वकीलसाहेब," तो म्हणाला. "आला असता तर मी कशाला अडवला असता? बिचारीचा नवरा आजारी आहे."

"पण महांतप्पा म्हणतो, तुम्ही त्याच्यासमोर कागद उलगडले. भस्म तुमच्या बोटाला लागलं."

बलभीमरावाने पानाचा डबा उघडला, बंद केला. मग एकदम आठवल्यासारखं कपाळाला हात लावला.

"हां, हां! बघा, विसरलोच मी. कागद आला होता. पण ते त्यांचे अय्या श्रीशैलाला निघाले ना, ते जाताना कचेरीत आले. त्यांच्या घरात कुणी वारलं होतं म्हणे. सुतक लागलं. सुतकाच्या हातचा लग्नाचा कागद कचेरीत पडून राहणं अशुभ, म्हणून ते दाखला परत घेऊन गेले. सुतक फिटल्यावर नवा लिहून देतो म्हणाले. मी काय करणार? धर्माची बाब."

ऐकायला अगदी सरळ वाटत होतं. आमच्या मराठ्यांच्या घरात असं घडतंच. सुतकात लग्नाच्या वस्तूला हात लावत नाहीत, पत्रिका मागे ठेवतात. मी मान डोलावली. म्हणजे कुणी चोर नव्हताच, आणि गिरिजाबाईला अय्यांची वाट बघत बसणं भाग होतं. तोवर शांतलिंगाचं काय होणार?

एवढ्यात आतून एक मुलगी चहा घेऊन आली. अठरा-एकोणीस वर्षांची, हातात नव्या हिरव्या बांगड्या.

"माझी कौसा," बलभीमराव म्हणाला. "माहेरपणाला आलीय."

कौसाने कप ठेवला आणि मला विचारलं, "काका, कुर्डुवाडीला आता रोज गाडी येती का हो? का बंदच हाय?"

"कौसा, आत जा!" बलभीमराव एवढ्या जोराने ओरडला की चहा बशीत सांडला.

दार अर्धवट उघडं होतं. आत एक पत्र्याची पेटी उघडी दिसत होती, त्यात घडी केलेली लुगडी, आणि शेजारी फडक्यात बांधलेल्या धपाट्यांची चवड. माहेरपणाला आलेली लेक पेटी भरून कुठे निघाली होती? मी चहा तसाच ठेवून उठलो.

५

घरी आलो तर बायको रिकामं भांडं घेऊन दारात उभी.

"विरजण नाही आज," ती म्हणाली. "शेजारच्या कुलकर्ण्यांकडून आणणार होते, पण त्यांना सुतक आहे. त्यांच्या घरचं काही चालायचं नाही दहा दिवस."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिथेच पायरीवर बसलो.

गिरिजाबाई आमच्याकडेच उतरली होती. मी तिला हाक मारली. "गिरिजाबाई, तुमच्यात माणूस गेलं की सुतक किती दिवस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "आमाला सुतक कसलं, वकीलसाहेब? अंगावर लिंग असल्यावर सुतक लागत न्हाय. मामंजी गेले त्या दिशी आत्याबाईंनी लिंगपूजा करून सैपाक केला."

"आणि तुमच्या अय्यांना?"

"जंगमाला तर मुळीच न्हाय! त्येंनीच तर आमाला शिकवलंय, सुतक पाळायचं न्हाय म्हनून."

लक्ष्मम्माने मला हेच सांगितलं होतं. माझ्या मराठा कानाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. जंगम अय्या सुतक लागलं म्हणून दाखला परत न्यायला येणं शक्यच नव्हतं. ती गोष्ट ज्याने रचली, त्याला लिंगायतांची रीत ठाऊक नव्हती. तो स्वतःच्या घरावरून बोलला होता. भस्माला 'राख' म्हणणारा, जालन्याकडून नवा आलेला बलभीमराव.

बाकीचं आपोआप जुळलं. आधी तो म्हणाला कागद आलाच नाही, मग म्हणाला आला होता. म्हणजे कागद त्याच्या हातात पडला होता हे त्यानेच कबूल केलं. कोणता कागद काढला की दरख्वास्त मरते हे त्याला माहीत होतं. परवाना एकच उरलाय हेही त्याला माहीत होतं. आणि त्याच्या घरात, कुर्डुवाडीच्या गाडीची चौकशी करणारी एक मुलगी पेटी भरून बसली होती.

"वकीलसाहेब, काय झालं?" गिरिजाबाईने विचारलं.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणालो.

बलभीमराव दारातच उभा होता. आम्हा दोघांना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला सगळं ऐकवलं, एकेक मुद्दा, कोर्टात मांडावा तसा. सुतकाचा मुद्दा आला तेव्हा तो मटकन खाली बसला.

"माझा जावई कुर्डुवाडीला रेल्वेत आहे," तो म्हणाला. "कौसाचीही दरख्वास्त आहे, पण हिच्यानंतरची. हिचे कागद पुरे ठरले असते तर परवाना हिला गेला असता. वकीलसाहेब, गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत चौघं घोड्यावरून आले. कौसा दारात होती. तिच्याकडे बघत उभे राहिले नुसते. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मला झोप नाही. तिची आई नाही. मी कचेरीत असतो. मी काय करायचं होतं?"

"दाखला कुठे आहे? जाळला?"

उत्तर कौसाने दिलं. ती आतून आली, तिच्या हातात घडी घातलेला कागद होता, त्यावर पांढुरका डाग.

"देवघरात ठिवलाय आबांनी," ती म्हणाली. "म्या रोज बघती. म्हनलं, कसला देवाचा कागद असंल. कुनाचा हाय, हे ठावं न्हवतं मला." तिने तो गिरिजाबाईच्या हातात दिला. "ताई, मला ठावं असतं तर..."

बलभीमरावाने मान वर केली नाही. "भस्म लावलेला होता," तो पुटपुटला. "जाळायचा धीर झाला नाही."

६

कोडं सुटलं होतं, पण मला अजिबात बरं वाटत नव्हतं. उद्या दाखला साहेबांपुढे ठेवला की परवाना गिरिजाबाईला, आणि कौसा त्याच दारात, त्याच घोडेस्वारांपुढे. पेशकाराची तक्रार केली तर तो तुरुंगात, आणि मुलगी एकटी. मी वकील, चोर सापडला की माझं काम संपायला हवं होतं. पण तिथून उठवेना.

गिरिजाबाईने कागद पदराच्या गाठीत बांधला. मग तिने विचारलं, "वकीलसाहेब, माझ्यासंगं कोन येनार?"

"म्हणजे?"

"नाक्यावर येकल्या बाईला सोडत न्हायत. सोबतीण लागती, असं परवान्यात लिवलेलं असतंय म्हनं. आत्याबाईंच्यानं चालवत न्हाय. म्हांतप्पाला सोडायचे न्हायत, गडीमानूस म्हनल्यावर त्याला पकडतील. म्या कुनाला नेऊ?"

खरंच, त्याचा मी विचारच केला नव्हता. सोबतीण लागत होती. बाईने बाई न्यायची आणि तिने परत यायचं, असा नियम.

गिरिजाबाई कौसाकडे बघत म्हणाली, "हिला लिवा."

कौसा जागीच थबकली. बलभीमरावाने पहिल्यांदा वर पाहिलं.

"अहो, पण सोबतिणीला परत यावं लागतं," मी म्हणालो. "आठवड्याच्या आत. ती आली नाही तर तिच्यासाठी जो जामीन राहिला त्याला धरतात. आणि जामीन सरकारी माणूसच लागतो."

"जामीन मी राहतो," बलभीमराव म्हणाला.

"बलभीमराव, कौसा परत येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. तुमची नोकरी जाईल. कदाचित नुसती नोकरी नाही."

"जाऊ द्या."

"आबा!" कौसा रडायला लागली.

तो उठला आणि गिरिजाबाईपुढे हात जोडून उभा राहिला. गिरिजाबाई त्याला म्हणाली, "आबा, तुमी माझा नवरा मारला असता. येवढं कळलं ना तुमाला? बास. आता लवकर सही करा. माझा जीव हितं न्हाय."

तिच्या तोंडून 'आबा' हा शब्द ऐकून त्या माणसाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

शनिवारी साहेबांची सही झाली. मी दोघींना घेऊन गाडीने निघालो. कौसाचे धपाटे फडक्यातच राहिले. नाक्यापाशी गाडी थांबली आणि मी परवाना पुढे केला.

शिपायाने परवाना उलटसुलट केला. गिरिजाबाईच्या कपाळावरचं भस्म बघितलं, कौसाचं कुंकू बघितलं.

"ये कौन लगती तेरी?"

"भैन," गिरिजाबाई म्हणाली.

"ये तो अलग दिखती."

"आमच्या दोघींचा बाप येकच हाय," ती जराही न अडखळता म्हणाली. "जामीन बघा की, त्येचीच सही हाय."

त्याने सही बघितली, पेशकाराचा हुद्दा बघितला आणि बांबू वर केला. दोघी पलीकडे गेल्या. कौसाने मागे वळून पाहिलं. गिरिजाबाई धावत सुटली होती.

पंधरवड्याने बलभीमरावाला कामावरून काढलं आणि चौकशीसाठी नेलं. त्याची बाजू मी मांडली. ती कथा वेगळी. त्याच दिवसांत बार्शीकडचा एक मेंढपाळ, बिराप्पा नावाचा, आडवाटेने मेंढरं घेऊन आला आणि निरोप सांगून गेला. तो निरोप मी स्वतः ईटला घेऊन गेलो. असले निरोप दुसऱ्याच्या हाती देणं मला जमत नाही.

लक्ष्मम्मा दारातच होती. मला बघून तिने दाराची चौकट धरली. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "सांगा. पोर गेलं का माझं?"

"नाही, लक्ष्मम्मा. ताप उतरला. गिरिजाबाई पोचली त्या दिवशी त्यानं कुणालाच ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला ओळखलं, आणि पेज मागितली."

ती चौकटीला धरूनच खाली बसली. गळ्यातलं लिंग मुठीत धरून तिने डोळे मिटले. महांतप्पा आतून आला आणि आईजवळ उकिडवा बसला. गावाबाहेर कुठेतरी बंदुकीचा बार झाला, मग दुसरा. तिघांनीही तिकडे पाहिलं.

"ते दोघं कधी येतील ते कळवू का?" मी विचारलं. "बरा झाला की परत या, असा निरोप पाठवू?"

सून जाऊ नये म्हणून सगळं गाव डोक्यावर घेणाऱ्या त्या बाईने डोळे उघडले.

"नगं," ती म्हणाली. "तिकडंच ऱ्हावा म्हनावं. दोघंबी. आईची आन घाला."